दुपारी तीनचा दवाखाना

मावशीच्या तळव्यात शिंगाळा माशाचा काटा रुतला होता हे तिला तीन दिवसांनी कळलं, तेही सुनेने फरशीवरचे डाग दाखवल्यावर. डायबेटिसने पावलं बधिर झालेली. ही मावशी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर मासे विकायला बसायची, आणि वीस वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेत होते. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. मोठ्या दिराची होडी, दिराचं घर, घरात एकच चूल. पहाटे होडीवरची मासळी घ्यायची आणि दुपारी एक-दीडपर्यंत टोपली रिकामी करायची, हा तिचा दिवस.

जखम धुवायला ती कोळीवाड्यामागच्या नन्सच्या दवाखान्यात जायची. दोन खोल्या, वर पत्रा, बाहेर एक बाक, सगळं फुकट. तिथल्या मोठ्या सिस्टर दक्षिणेकडच्या, पण मराठी मासळी बाजारात शिकलेल्या.

"काय गो, आज पण चप्पल नाय घातलीस? पाय तुझा हाय की माझा?"

"ओल्यात चप्पल सटकते, सिस्टर."

"मग सटकू दे. पडलीस तर दुसऱ्या खोलीत प्लास्टर करू."

मी मावशीबरोबर तिथे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा चिडून परतले. औषध द्यायच्या आधी प्रार्थना व्हायची. सक्ती नव्हती, पण बाकावरच्या सगळ्या बायका उठून उभ्या राहायच्या, आणि दुखरा पाय घेऊन मावशीसुद्धा. दुसऱ्या वेळी देणगीदार मंडळी आलेली. त्यांच्यातल्या एकाने स्टुलावर ठेवलेल्या मावशीच्या पायाचा, मग पायासकट मावशीचा फोटो काढला आणि तिला हसायला सांगितलं. ती हसली.

वाटेत मी विचारलं, "कशाला हसलीस गं?"

"फोटू काढताना काय रडू?"

त्याच दिवशी सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पायाची रक्तवाहिनी बंद होत आली आहे. ड्रेसिंगने जखम साफ राहील, पण भरायची नाही. वाहिनी मोठ्या हॉस्पिटलात उघडून घ्यावी लागेल. त्यांच्या मिशनचं हॉस्पिटल ते करू शकेल, पण कोणी देणगीदार मिळेपर्यंत दोन-तीन महिने थांबावं लागेल.

"सरकारी योजना आहे की," मी म्हटलं. "मोफत होतं त्यात."

"हो, आहे," सिस्टर म्हणाल्या. "करा ना. चांगलंच आहे."

त्यांच्या त्या शांत "करा ना"नेच मी पेटले. मी विमा कंपनीत दाव्यांची कागदपत्रं तपासते. कोणता कागद कशाला अडतो हे मला झोपेतही सांगता येतं. मावशीला मी पायरीवर बसवलं आणि म्हटलं, "हे बघ, आपण टॅक्स भरतो. काडेपेटी घेतलीस तरी तू टॅक्स भरतेस. उपचार हा तुझा हक्क आहे. कोणापुढे उभं राहायचं नाही, हसायचं नाही."

"तू सांगशील तसं, बाय."

मी अकरा मुद्द्यांची यादी केली. आधार, रेशन कार्ड, महापालिकेच्या हॉस्पिटलचा केसपेपर, तपासण्या, मग आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, खिडकीवर अर्ज, असं ओळीने. काम अडलं दुसऱ्याच मुद्द्यावर. रेशन कार्ड पांढरं, म्हणजे जास्त उत्पन्नाचं, निघालं. होडी, तिचं डिझेल, दिराचं उत्पन्न, सगळं एका कार्डावर, आणि तेव्हा पांढऱ्या कार्डाला ही योजना लागू नव्हती. माझ्या दृष्टीने उत्तर सोपं होतं. मावशी विधवा, तिचं उत्पन्न वेगळं, कार्ड विभक्त करायचं. रेशनिंग ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, कुटुंबप्रमुखाचं संमतिपत्र लागेल, वेगळी चूल असल्याचं.

ते घ्यायला मी एका रविवारी मावशीच्या घरी गेले. मावशीचे दीर पडवीत जाळं विणत बसले होते. आणखी चार-पाच माणसं होती. सगळ्यांच्या समोर मी कागद पुढे केला आणि, आपण किती सोपं करून सांगतोय या समाधानात, मोठ्याने म्हटलं, "फक्त कागदावर वेगळं व्हायचंय, भाऊ. तिची चूल वेगळी आहे एवढं लिहून द्या."

जाळ्यातला हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मावशीकडे पाहिलं.

"चूल वेगळी झाली? कधी?"

मावशीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आत कोणीतरी भांडं खाली ठेवलं.

"भावोजी, नुसतं लिवायचं हाय..."

"लिवलं की झालं ना?" ते म्हणाले. "भाऊ गेला तेव्हा सगळ्या गावासमोर बोललो होतो मी, ही माझ्या चुलीवर जेवेल. आता लिवून देऊ की जेवत नाय?"

मी हक्क, नियम, पाय, सगळं बोलले. मुद्देसूद बोलले. आज आठवलं की त्या मुद्देसूदपणाचीच लाज वाटते. सही मिळायला तीन आठवडे लागले. गावातल्या जाणत्यांनी मध्ये पडून समजावल्यावर दिरांनी ती केली, आणि कागद माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

त्या तीन आठवड्यांत मी मोकळी बसले नव्हते. योजनेच्या अर्जाला सरकारी हॉस्पिटलच्या नोंदी लागतात. दोन ठिकाणचे उपचार असले की प्रश्न विचारले जातात, हा माझा रोजचा अनुभव. म्हणून मी मावशीला बजावलं, "आता ड्रेसिंगसुद्धा महापालिकेतच. सिस्टरकडे जायचं नाही. फाइल एकाच ठिकाणी हवी." एक दिवसाआड मी ऑफिसातून फोन करायचे.

"ड्रेसिंग झालं?"

"हो गो."

मी यादीत खूण करायचे. नऊ खुणा आहेत. कागद अजून माझ्याकडे आहे.

ती नऊपैकी दोनदाच गेली होती, हे मला नंतर कळलं. महापालिकेत केसपेपर सकाळीच मिळतात, अकराला खिडकी बंद. नेमकी तीच तिची विकायची वेळ. पहिले दोन दिवस ती रांगेत थांबली आणि टोपलीतले बोंबील पाणी सुटून वाया गेले. मासळी दिराच्या होडीतल्या वाट्याची, आणि दिराशी तर त्याच दिवसांत बोलणं तुटलेलं. मासळी नासली असं घरी कोणत्या तोंडाने सांगायचं? तिसऱ्या दिवसापासून तिने पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि कोपऱ्यावर येऊन बसली. मी नऊला ऑफिसला निघायचे; ती दहाला बसायची. एका रस्त्यावर असून मी तिचा पाय तीन आठवडे पाहिला नाही.

ताप चढला तेव्हा सुनेने रिक्षात घालून महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने दोन दिवस प्रयत्न केले. मनापासून केले, मी साक्षीदार आहे. पण गँगरीन वर चढत होतं. गुडघ्याखाली पाय कापला. कार्ड विभक्त झाल्याची पावती मी तोवर मिळवलेली होती, ती आरोग्यमित्राने बघितली, दोन ठिकाणी सह्या घेतल्या, आणि शस्त्रक्रिया योजनेत बसली. वाहिनी उघडण्यासाठी जो अर्ज भरायचा होता तो कापण्यासाठी कामाला आला. एकही कागद कमी पडला नाही.

मी सिस्टरकडे गेले. त्या चिडाव्यात अशी माझी अपेक्षा होती. खरं तर तशी इच्छा होती. त्या कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

"ती यायची बंद झाली तेव्हा तुम्ही बोलावलं का नाही?" मीच उलट विचारलं.

"दोनदा माणूस पाठवला. ती म्हणाली, बाय रागावेल."

नन्सच्या प्रार्थनेला मावशी उभी राहायची ते मला दिसलं होतं. माझ्या फोनला ती उभी राहत होती, ते दिसलं नव्हतं.

निघताना मी विचारलं, "तुमचा दवाखाना तीनलाच का उघडतो?"

"बायका तेव्हाच मोकळ्या होतात," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी सकाळी उघडायचो. कोणी येत नव्हतं. मग विचारलं."

मी अजूनही म्हणते की उपचार सरकारने द्यावेत. फोटोसाठी हसायला लावणाऱ्या दयेवर कोणाचा पाय टिकून राहावा हे मला आजही मान्य नाही. पण त्या दयेने निदान वेळ विचारली होती. सरकारने विचारली नाही, आणि सरकारची बाजू घेऊन भांडणाऱ्या मलाही, वीस वर्षं तिच्याकडून मासे घेऊन, ती वेळ विचारावीशी वाटली नाही.

पुढचं थोडक्यात. मावशी हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा तिच्या खोलीत नवी शेगडी आणि वेगळा सिलिंडर होता. दिराने आवाज चढवला नाही, भांडणही केलं नाही. लिहून दिलं होतं, तसं केलं. होडीतला वाटा थांबला. आता सून बंदरावर लिलावात मासळी विकत घेते आणि मावशी कोपऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विकते. काही काळाने नियम बदलला. आता म्हणे कार्डाचा रंग कोणताही असो, योजना सगळ्यांना लागू.

ते कळल्यावर मी रेशनिंग ऑफिसात गेले आणि दोन कार्डं पुन्हा एक करता येतात का विचारलं. त्याच बाई होत्या. "येतात की," त्या म्हणाल्या. "हे रद्द करायचं, त्या कार्डात नाव वाढवायचं. कुटुंबप्रमुखाने अर्ज करायचा." मी अर्ज घेतला, माहीत होतं तेवढं सगळं भरलं आणि कोपऱ्यावर जाऊन मावशीच्या हातात ठेवला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"सही कोणाची?"

"भावोजींची. मी जाऊन बोलते त्यांच्याशी. या वेळी नीट बोलते."

"नको." तिने अर्जाची घडी घातली आणि माझ्या पिशवीत परत टाकली. "तू आता कोणाशी बोलू नको, बाय. मासे घ्यायला येत जा."

मागे गिऱ्हाईक म्हणून दुसरी बाई येऊन उभी होती. मावशी मान वळवून तिच्याशी बोलायला लागली.

"बोला ताई. कोलंबी ताजी हाय."