ताईच्या रिकाम्या पाटाची बासुंदी

कोजागिरीला आमच्याकडे घरातल्या पहिल्या लेकराला ओवाळतात. मी दुसरी. म्हणजे दरवर्षी दूध आटवायचं मी आणि नवं पोलकं घालून पाटावर बसायचं ताईनं. चुलीवरच्या गंजाच्या कडेला धरलेली साय मी खरवडून दुधात सोडत राहायची. बूड लागलं तर बोलणी मला. आणि ती सगळी दाट साय पहिल्या वाटीत, ताईपुढे. माझ्या वाट्याला पातळ दूध आणि एखादी चुकार चारोळी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्याआधी जन्मली, यापलीकडे तिनं केलं काय होतं?

सत्तर सालच्या आसपास ताईचं लग्न झालं, ती काटोलला गेली. तिला निरोप देताना सगळे रडले. मीही रडले, पण मनात म्हटलं, आता कोजागिरी माझी.

त्या वर्षी दूध मी जीव लावून आटवलं. आईनं गच्चीवर चांदण्यात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मी हातपाय धुऊन, साडी नेसून पाटावर जाऊन बसले.

"ऊठ वं," आई म्हणाली. "तो मोठीचा पाट आहे."

"मोठी तर काटोलले आहे. मंग कोणाले ओवाळून राहिली तू?"

"लगन झालं म्हणून पयलं लेकरू बदलते काय?"

तिनं रिकाम्या पाटाला ओवाळलं आणि सायीची वाटी त्यावर ठेवली. बहिणीवर जळणं एक वेळ ठीक. त्या रात्री मी लाकडाच्या फळीवर जळत होते.

सकाळी ती साय डब्यात भरून बाबा काटोलच्या बसमध्ये बसले. संध्याकाळी परतले, तेव्हा आईनं विचारलं, "खाल्ली का तिनं?"

"तिच्या घरी जावई मोठे, त्याहिलेच ओवाळलं. दूध आटवलं मोठीनं अन् तिले गंजाची खरवड भेटली." मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या गेल्या इचारलं तिनं, 'यंदा साय धाकटीले भेटली न, बाबा?' मी हो म्हणून गेलो. मंग तिनं डबा उघडला अन् मी पकडल्या गेलो."

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. आत अर्धी साय तशीच होती.

प्रवासात ती जरा आंबूस झाली होती. मी डबा चाटूनपुसून खाल्ला आणि घासाघासाला तिच्यावर जळले. चांगुलपणातही बाईनं पहिला पाट सोडला नव्हता.