बसवलेला बंडप्पा

सिद्रामप्पा नऊ वर्षं विलायतेत काढून जळकोटजवळच्या आपल्या खेड्यात परतला, आणि तो गुरांचा डॉक्टर होऊन आलाय हे कळल्यावर गाव चार दिवस पोट धरधरून हसलं.

"बोटीत बसून गेला, गोरे सायब बघितले, आन शिकून काय आला? म्हशीच्या मागं हात घालायचं!" चुलता वीरप्पा हे नाकातून बोलायचा, धोतर वर धरून सायबाच्या चालीनं चार पावलं टाकायचा.

थोरला भाऊ बंडप्पा त्याच्यावर कडी करायचा. "काका, म्हशीचं ऱ्हाऊ द्या. लढाईत तितं बाँब पडत व्हते तवा आमचा सायब बिनपगारी माणसं उचलत फिरत व्हता. हितं घरचं पोतं कदी उचललं न्हाय!"

सिद्रामप्पाही हसायचा. पडक्या घरांखालून ओढून काढलेली माणसं कशी असतात, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या जेठात, भर दुपारी, दोन लॉऱ्या भरून रझाकार आले. सिद्रामप्पा तेव्हा मळ्यात एक अडलेली गाय सोडवत होता. निजामाशी लढणारी, हद्दीपलीकडच्या कॅम्पातली पोरं गावात लपलीत, असा रझाकारांना वहीम होता. म्होरक्या चावडीपुढं उभा राहून घोगऱ्या आवाजात ओरडला, "बताव! किधर हैं, बताव!"

गप बसेल तर तो बंडप्पा कसला! त्यानं त्याच आवाजात, तशीच मान ताठ करून म्हटलं, "बताव, बताव!" इतकं हुबेहूब, की भेदरलेली माणसंही फिस्सकन हसली.

बंदुकीचा दस्ता बंडप्पाच्या तोंडावर बसला. दात आत गेले. मग काठ्या पडू लागल्या, जोंधळा बडवावा तशा. वीरप्पाचा एकुलता एक नागप्पा मधे पडला, तर त्याच्या पोटात भाला गेला आणि पाठीतून बाहेर आला. "शाम को आते. गाँव जला देंगे," म्हणून लॉऱ्या निघून गेल्या.

सांजेच्या आत मयत उरकणं भाग होतं. लिंगायताचं मढं आडवं ठेवायची रीत नाही. वीरप्पानं बंडप्पाच्या नाकाशी सूत धरलं. सूत हललं नाही. दोघांनाही ओसरीवर मांडी घालून भिंतीला टेकवलं, कपाळाला भस्म लावलं, छातीवरून उपरणं घेऊन खुंट्यांना बांधलं. बंडप्पाची मान पुढं लोंबली, हनुवटी छातीला लागली.

सिद्रामप्पा धावत आला तो कोपरापर्यंत गाईच्या रक्तानं माखलेला. भावापुढं तो गुडघ्यावर बसला. बंडप्पाच्या नाकपुडीत रक्ताचा एक बुडबुडा आला, फुटला. दुसरा आला.

"सोडा ह्याला! आडवा करा! जिता हाय!"

"हात काढ सिद्या!" वीरप्पा काठी घेऊन आडवा आला. "म्या सवता सूत धरलंय. बसवलेल्याला आडवं केलं तर गती न्हाय मिळायची."

"काका, बसवलाय म्हणूनच मरतोय त्यो! मान वाकून नरडं बंद झालंय!"

"म्हशीचं ज्ञान म्हशीला सांग!"

काठी सिद्रामप्पाच्या खांद्यावर बसली. दुसरी कानावर. डोळ्यापुढं अंधारी आली, तरी त्यानं चुलत्याच्या छातीत डोक्यानं धडक दिली. म्हातारा उखळावर आदळला, नाक फुटलं. भावकीतले चौघं सिद्रामप्पावर तुटून पडले. कुणी केस धरले, कुणी लाथा घातल्या.

"वहिनी!" तो खालून ओरडला. "बुडबुडा बघा! नाकातला!"

बंडप्पाची बायको जगदेवी वाकली. तिनं बघितलं. कुणाला काही न विचारता तिनं दातांनी उपरण्याची गाठ सोडवली आणि नवऱ्याला अंगावर ओढून घेतलं. "भावजींना सोडा! न्हायतर एकेकाचं टाळकं फोडते!"

चौघं मागं सरले. सिद्रामप्पानं भावाला कुशीवर वळवलं, बोटं घशात खोल घातली. रक्ताची गुठळी निघाली, तिच्यात दोन दात. आणखी एक गुठळी. मग बंडप्पाच्या छातीतून लोहाराचा भाता ओढावा तसा आवाज आला, आणि तो ओकला.

"बैल जुंपा!" जगदेवी किंचाळली. "हद्दीपार न्या ह्यास्नी, आत्ताच्या आत्ता!"

माणसं धावली. ओसरीवर वीरप्पा उठून बसला होता. नाकातलं रक्त त्यानं पुसलं नाही. त्यानं नागप्पाची गाठ सोडली, पोराला आडवं केलं, बंडप्पाला केलं तसंच कुशीवर.

"सिद्या, हिकडं ये."

"काका, नागप्पा तर..."

"गप. बोटं कुठवर घालायची, त्येवडं सांग."

भाल्याच्या जखमेवरचं रक्त काळं पडून वाळलं होतं. त्यावर माशा बसल्या होत्या. सिद्रामप्पानं ते बघितलं. मग तो शेजारी बसला, चुलत्याची बोटं हातात घेतली आणि नागप्पाच्या तोंडात नेली.

"हितवर, काका."

वीरप्पा बराच वेळ आत चाचपत राहिला. मग त्यानं बोटं बाहेर काढून बघितली. ती कोरडी होती.