मामांचा तात्पुरता ओटा

मामांच्या खिशात कायम सायकलच्या जुन्या ट्यूबची एक गुंडाळी असायची. नळ गळाला, कुकरची मूठ हलली, चष्म्याची दांडी निसटली, की गुंडाळी बाहेर यायची. पट्टी कापायची, ताणायची, करकचून गाठ मारायची आणि म्हणायचं, "तात्पुरतं केलंय. मागनं बघू." ते 'मागनं' कधी आलं नाही आणि गाठही सुटली नाही. माझ्या लग्नाआधी बांधलेला मोरीतला नळ माझी मुलगी शाळेत जायला लागली तरी तसाच होता.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. फौजेत गाड्या दुरुस्त करून ते हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि मलकापुरात घर बांधलं. मी तासगावकडची. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाकाचं विचारलं. मामांनी विचारलं, "फ्यूज बांधता येतो का पोरी?"

मी म्हटलं, "येतो. तुमच्या मुलाला येतो का?"

मामांना हसता हसता पोह्यांचा ठसका लागला. लग्न ठरलं ते तिथंच.

घरभर मामांची दुरुस्ती चालायची, पण स्वयंपाकघरात आत्यांचं राज्य. मिक्सर अडला तरच मामांना आत बोलावणं यायचं, तेही दारात दम देऊन. "आवं, हात धुऊन या. आन् ती ट्यूब भायेर ठेवा. मागच्या टायमाला आमटीला रबराचा वास आल्ता."

मग आत्या मोरीत घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून थोडं चालता यायचं, बसता यायचं, पण ओट्यापाशी उभं राहणं जमेना. मी बँकेत नोकरीला, नवरा पुण्यात, म्हणून दुपारचं जेवण मामांनी अंगावर घेतलं. भाकरी गोल येईना, तेव्हा ते थापलेल्या पिठावर डब्याचं झाकण दाबायचे आणि कडा कापून टाकायचे. भाकरी दिसायला छापील, खायला पत्रा. तरी शेजारणी कौतुक करायच्या, "हवालदारांचं बेस चाललंय की."

आत्या मात्र दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. दिवसेंदिवस अंग उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण पोटात अन्न गेलं नाही तर ताकद कुठनं येणार? मला वाटलं, मामांच्या हातची चव नडतेय. रविवारी मी स्वतः पिठलं केलं. तेही ताटात तसंच राहिलं.

"चांगलं झालंय गं," आत्या म्हणाल्या. "माझ्यावाचून घर चालतंय. मग मी खाऊन काय करू?"

मामा दारात उभे राहून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर अंगणात विटा, सिमेंटची पिशवी आणि शहाबादी फरशी. "बसून सैपाक करायला ओटा घालतो," मामा म्हणाले. मी टेप आणून दिली.

"टेप कशाला? वीत हाय की." मामा खुर्चीत बसले आणि स्वतःच्या वितीनं माप घ्यायला लागले.

"मामा, आत्यांना बसवून मोजा."

"आधी कळलं तर ती नको म्हणंल. तू पाणी आण."

ओटा उभा राहिला, वाळला, वर शेगडी बसली. आत्यांना खुर्चीत बसवून आम्ही आत आणलं. मामा सहा फुटी आणि आत्या त्यांच्या खांद्यालाही न लागणाऱ्या. शेगडी आत्यांच्या हनुवटीला आली.

आत्यांनी मान उंच करून पातेल्याकडं बघितलं. "आत काय शिजतंय ते दिसंना. मी काय वासावर सैपाक करू?"

मामांचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी आत्या चिडल्या होत्या.

"फौजेत असंच मोजत हुता व्हय? फोडा ते," आत्या म्हणाल्या आणि तळहात भिंतीला टेकवला. "हितं पायजे मला. हितं."

मामांनी त्यांच्या तळहाताखाली कोळशानं रेघ ओढली.

दुसऱ्या ओट्यावर आत्यांनी पहिल्यांदा झुणका-भाकरी केली. जेवताना मामा मुद्दाम म्हणाले, "मीठ कमी पडलंय."

"मग झाकणाची भाकरी खावा जावा," असं म्हणत आत्यांनी आपल्या ताटात आणखी एक भाकरी वाढून घेतली. मामा ते बघत राहिले. मग ओट्यावर थाप मारून मला म्हणाले, "तात्पुरता हाय. हिचा पाय बरा झाला की फोडू."

पाय बरा झाला तो वॉकरपुरताच. मामा मात्र गेले, सकाळचा चहा घेता घेता, कुणाला त्रास न देता. सदऱ्याच्या खिशात ट्यूबची गुंडाळी होती. ती आता माझ्या पर्समध्ये असते, आणि बँकेतल्या खुर्चीच्या हातालाही तिची एक पट्टी आहे.

यंदा आम्ही स्वयंपाकघर नवं करायला काढलं. फरशीवाल्यानं बुटक्या ओट्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "ताई, हे फोडून टाकू का? ग्रॅनाईट सलग बसंल."

मी बोलायच्या आत आत्या खुर्चीतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. तात्पुरतं हाय ते."

आणि तव्यावरची भाकरी उलटली.