यापुढे दळण माझ्याकडे

गेल्या वर्षी आमच्या घरात पीठ फार झालं होतं.

त्याचं मूळ पवईतल्या माझ्या ऑफिसात आहे. तिथे एक दिवस आनंदी आणि कार्यक्षम जीवनावर व्याख्यान झालं. (सक्तीचं होतं.) व्याख्याता म्हणाला, "जे करावंच लागतं, त्याला जे करावंसं वाटतं ते जोडून टाका!" मला करावंसं वाटत होतं ते एकच, संध्याकाळी मंडळात जाऊन कॅरम खेळावं. त्यावर घरात बंदी होती. एकदा सासूबाईंना आणायला निघालो आणि वाटेत मंडळ लागलं, एवढंच झालं होतं. शेवटी सासूबाईच रिक्षा करून आल्या आणि मला मंडळातून घरी घेऊन गेल्या.

आमच्या भांडुपात पिठाची गिरणी आणि मंडळ समोरासमोर आहेत. मी बायकोला, नयनाला, म्हटलं, "यापुढे दळण माझ्याकडे!"

"बरा आहेस ना?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

डबा गिरणीत ठेवायचा, पीठ होईपर्यंत समोर खेळायचं, डबा उचलून घरी यायचं. झकास! मी इतका सुखी झालो की घरात दळण्यासारखं काही उरेना. गहू संपले, मग ज्वारी. (ज्वारी आमच्याकडे कुणी खात नाही.) मग तांदूळ.

"अरे, भातापुरते तरी ठेवायचेस!" नयना ओरडली.

आईला मात्र भरून आलं होतं. "सुधारला गं माझा मुलगा," असं सांगत ती शेजारणींना वाट्या भरभरून पीठ वाटत होती.

आणि मंडळाच्या डबल्सच्या फायनलच्या आदल्या दिवशी माझा स्ट्रायकर हरवला. त्या स्ट्रायकरशिवाय मी आजवर एकही मॅच जिंकलेलो नाही.

"वाट लागली यार!" माझा जोडीदार फ्रान्सिस म्हणाला. "खिसे बघ ना नीट!"

खिसे बघितले. घरी आलो, तर आई पीठ चाळत बसली होती. चाळणीत टक् असा आवाज झाला. डबा उचलायला वाकलो तेव्हा स्ट्रायकर वरच्या खिशातून पिठात पडला असणार! आईने तो उचलला, फुंकला, चष्म्याजवळ नेला.

"काय रे हे पिठात?"

"भेसळ," मी म्हणालो. "हल्ली सगळीकडे चालते."

"हो का?" नयना मागून म्हणाली. "आणि भेसळीवर तुझं नाव कसं?"

दुसऱ्या दिवशी तिने मला डबा घेऊन गिरणीत उभं केलं आणि स्ट्रायकर मुठीत धरून स्वतः समोर मंडळात गेली. 'हा खेळणार नाही,' एवढंच सांगून ती परत येणार होती. ती येईना. भांडण पेटलं असेल, या भीतीने मी डोकावलो, तर माझ्या खुर्चीत नयना! ओढणी कमरेला खोचलेली. तिने क्वीन घेतली, कव्हर केली आणि बोर्ड संपवला. फ्रान्सिस तर नाचायलाच लागला.

"माहेरी चार भावांना हरवायचे मी," घरी येताना ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? आणि मी खेळत बसले असते तर दळण कुणी आणलं असतं?"

मला खरंच लाज वाटली. पण डोक्यावर डबा असल्यामुळे मान खाली घालता आली नाही.

आता आमचं जीवन व्याख्यात्याने सांगितलं तसं आनंदी आणि कार्यक्षम झालं आहे. जे करावंसं वाटतं ते संध्याकाळी नयना करते आणि दळण माझ्याकडे आहे.