विहिरीच्या दाव्यात रोम सरकार

"रोमचा इतिहास वाचल्याशिवाय माणसाला न्यायाचा अर्थ कळत नाही." हे थोर वाक्य मी तालुक्याच्या कोर्टात मुन्सफसाहेबांना ऐकवलं, तेव्हा मोताळ्याजवळ माझ्या अशिलाचा गहू वाळत होता.

वाक्य माझं नव्हतं. नागपूरला कॉलेजात रोमचा इतिहास आणि वाङ्मय शिकवणारे आमचे प्रोफेसर दर वर्षी पहिल्या तासाला ते म्हणत. चार वर्षं मी रोमन सेनापती, रोमन वक्ते आणि रोमन कवी नोट्समधून पाठ केले. मग वकिली पास होऊन वऱ्हाडात परतलो. इथे कळलं की पक्षकारांची भांडणं विहीर, बांध आणि बैल यांच्यापलीकडे जात नाहीत. एवढं शिक्षण वाया जातंय, याचं मला फार वाईट वाटे.

नारायणचा दावा साधा होता. विहीर दोघा चुलतभावांची, त्याची आणि गणपतची. धाव एकच. धाव म्हणजे मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात ती जागा. एका वेळी एकाचीच मोट चाले, म्हणून दिवसाआड पाळी ठरलेली. त्या हिवाळ्यात गणपतने मिरची लावली आणि तो पाळी सोडेना. मी मनाई हुकूम मागितला, म्हणजे निकाल लागेपर्यंत नारायणच्या दिवशी गणपतने धावेवर बैल आणू नयेत, असा कोर्टाचा कागद. जुना वाटणीचा लेख दाखवला की अर्ध्या तासाचं काम.

पण मुन्सफसाहेबही कॉलेजात रोम शिकलेले निघाले.

"रोमन लोकांत पाण्याच्या पाळ्यांचा कायदा होता, सर," मी इंग्रजीतून म्हणालो.

साहेबांनी टाक खाली ठेवला. "प्रजासत्ताकाच्या काळातला, की सम्राटांच्या?"

"सम्राटांच्या, सर."

"मला तसं वाटत नाही. आधार?"

"पुस्तक नागपूरला आहे."

"मागवा."

पुढची तारीख पडली. समोरच्या वकिलांनी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. पण तारीख पडली की आनंद कसा लपवावा, हे शिक्षण त्यांचं पूर्ण झालं होतं.

बाहेर नारायण वाट पाहत होता. "काय झालं, वकीलसाहेब?"

"मुद्दा फार मोठा निघाला. पुस्तक मागवतोय."

"पुस्तकानं पानी भेटते?"

"हुकूम मिळेल."

"मंग मी वाटनीचा कागद देल्ला होता, तो काऊन नाई दाखवला?"

तो माझ्या पिशवीतच होता. "त्याची वेळ येईल," मी म्हणालो.

दुसऱ्या तारखेला पुस्तक आलेलं नव्हतं, तरी चर्चा झाली. साहेबच पाऊण तास बोलले. रोमला लांबच्या डोंगरांतून दगडी कालव्यांनी पाणी कसं आणत, त्यावर अधिकारी कसा नेमत, आणि चोरून पाणी घेणाऱ्याची जमीन सरकारजमा कशी होई. गणपत दाराशी उभा होता. त्याला इंग्रजी कळत नव्हतं. चपराश्याला कळतं असा सगळ्यांचा, विशेषतः चपराश्याचा, समज होता.

"भाऊ, साहेब काय म्हनून राह्यले?" गणपतने विचारलं.

"रोम सरकारात दुसऱ्याचं पानी घेतलं त वावर सरकारजमा."

"हे कोनतं सरकार आलं आता?"

"इंग्रजायच्याही वरचं दिसते. साहेब लय अदबीनं नाव घेऊन राह्यले."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. वऱ्हाड कागदावर निजामाचा, कारभार नागपूरहून इंग्रजांचा. आपला मालक नक्की कोण, हे आम्हा वकिलांनाही विचार करून सांगावं लागे. ज्याला दोन सरकारं आहेत, त्याला तिसरं असणं अशक्य का वाटावं?

गणपत लिंबाखाली बसलेल्या नारायणजवळ गेला. दावा लागल्यापासून दोघं पहिल्यांदाच बोलत होते. मी पायरीवरून ऐकत होतो.

"नारायणा, वावर जाते म्हंतात."

"कोनाचं?"

"माहं. पन विहीर दोघायची आहे. ते घेतील त तुह्यासाठी अर्धी ठेवतील काय?"

"माहा गहू त तसाही गेल्यात जमा आहे. वकीलसाहेब पुस्तक आनून राह्यले."

"उद्यापासून तुही पाळी धर."

"अन् तुही मिरची बे?"

"दिवसाआड पानी पुरते तिले. भांडनासाठी रोज देऊन राह्यलो होतो."

कोर्टाबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाने तडजोड चार ओळींत लिहिली. तो मराठी चौथी पास होता. वाटणीच्या लेखात जे होतं, तेच त्याने लिहिलं. मी खाली सही केली, एवढा माझ्या विद्वत्तेचा त्यात वाटा.

गहू वाचला. मी धडा घेतला, की पिशवीतून अशिलाचा कागद आधी काढावा, साम्राज्य मागाहून.

तडजोड दाखल झाली त्याच दिवशी नागपूरहून कोर्टात पार्सल आलं. प्रोफेसरसाहेबांनी पुस्तक स्वतःच्या कपाटातलं पाठवलं होतं. दावा मिटल्यामुळे मुन्सफसाहेब खट्टू झाले होते. त्यांनी ते तिथेच उघडायला लावलं. त्या काळी विलायती पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येत, आणि वाचणारा ती कापून घेई. आत प्रोफेसरसाहेबांची सही होती, खाली तारीख त्यांच्या उमेदवारीच्या काळातली. पाण्याच्या कायद्याचं प्रकरण काढायला साहेबांना चाकू मागवावा लागला. एकही पान कापलेलं नव्हतं.