जड पट्ट्यांची पेटी

बायकोला ठाऊक नाही. ज्या भजनी मंडळात चाळीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, त्यातल्या एकालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही — आज तोंड उघडलंय, आणि समोर तुम्ही आहात, एवढंच. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या. हे सांगायची सवय नाही मला.

मी मढचा. पेटी वाजवतो, म्हणजे हार्मोनियम. आमच्या बाजूला सप्ताह असो, जागर असो, पेटीवर कोण? तर मी. नावानं हाक मारणारे थोडेच, सगळ्यांना मी 'पेटीवालं अण्णा'. लई मान, राव. आणि माणसाला मान मिळाला की त्याला वाटायला लागतं, आपल्याला सगळंच कळतं. मला तसं वाटायचं. अजूनही वाटतं थोडं, खोटं कशाला बोलू?

— खोटं कशाला बोलू, म्हणे! बघा, कसं सहज येतं तोंडात.

माझी धाकटी बहीण सुमन निमगाव सावा गावात दिलेली. तिची पोरगी सायली. शाळेत एक मॅडम होत्या, त्यांनी शाळेच्या जुन्या कीबोर्डवर पोरीला पियानोचे धडे दिले. पोरगी तल्लख. दोन वर्षांनी मॅडमची बदली झाली, तेव्हा जाताना सुमनला सांगून गेल्या, हिला पुढं पुण्यात शिकवा, बारावीनंतर तिथं एका संस्थेत मुलं निवडून घेतात, राहायची सोयसुद्धा करतात. तोवर घरी सरावाला एक डिजिटल पियानो घेऊन द्या, परवडेल तसला साधाच घ्या. पोरीनं तेवढंच धरून ठेवलं. निवड झाली की पुणं, आणि पुणं झालं की पियानो — बाकी तिला काही दिसेना.

आता पियानो निवडणार कोण? दाजी म्हणाले, "आपल्याला काय कळतंय त्यातलं? अण्णाला घेऊन जाऊ. पेटीतला माणूस हाये." मी मिशीला पीळ दिला आणि गाडीत बसलो.

चौदा वर्षं झाली. पुण्यातलं दुकान. दाजी गाडी लावायला जागा शोधत होते, सायली त्यांच्यासोबत. मी एकटाच पुढं आत गेलो. दाजींनी ठरवलेल्या पैशांत बसणारे दोन होते. एक लांबलचक, काळा, साधा. ना दिवे, ना बटणं. दुसरा आखूड, झगमग, आतून ढोलकी आणि तबला वाजवणारा. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नव्हता — हे मुद्दाम सांगतो. पैसे कमी पडले म्हणून तसं झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

काळ्यासमोर बसलो. उजव्या हातानं एक अभंगाची चाल धरली. पट्ट्या दाबाव्यात, तर जड! आणि आवाज तरी एकसारखा यावा? कुठं मोठा, कुठं बारीक. आमच्या पेटीला पट्टी लोण्यासारखी लागते. आवाज लहानमोठा करायचा तो भात्यानं, बोटानं नाही. मी आपला ठणकावून म्हणालो, "ओ ताई, हा बिघडलाय. पट्ट्या अडकतायत, आवाज सारखा येत नाय."

दुकानातली मुलगी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं का? कोण जाणे. अगदी अदबीनं म्हणाली, "काका, खऱ्या पियानोच्या पट्ट्या अशाच जड असतात. हळू दाबलं की हळू वाजतं, जोरात दाबलं की जोरात. शिकणाऱ्याला हाच लागतो. त्या दिव्यांच्याच्या पट्ट्या हलक्या, त्यावर सराव केला तर पुढं खऱ्या पियानोवर बोटंच चालत नाहीत."

ऐकलंत ना? मलाही ऐकू आलं. स्वच्छ मराठीत, सगळं. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी आजवर मनाशीसुद्धा म्हणू शकलेलो नाही.

तेवढ्यात सायली आत आली आणि धावत जाऊन काळ्यासमोर बसली. दोन्ही हात ठेवले. दोन्ही, हं! माझा डावा हात जन्मभर भाता हलवत आलेला, त्याला एक सूर ठाऊक नाही. आणि ही सोळा वर्षांची पोर दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी वाजवत होती. मध्येच थांबली, एक पट्टी अगदी हलकेच दाबली, आणि तिचं तोंड असं उजळलं! "मामा, हळू दाबलं की हळू वाजतंय वो! बघा ना. तुमी वाजवा."

तुमी वाजवा.

दाजी मागं येऊन उभे. दुकानातली मुलगी बघतेय. मी काय वाजवणार होतो? एका हाताची, ठेचकाळत जाणारी चाल? हा काळा लांबडा घरात आला की दर दिवाळीला, दर राखीला सुमन म्हणणार, अण्णा, वाजव की. आणि पोरीपुढं माझं पितळ उघडं पडणार. त्या दिव्यांच्या आखुडावर मात्र एका हातानं चाल आणि मागं ढोलकी, सगळं गाव वाहवा करणार. हे सगळं माझ्या डोक्यात किती वेळात आलं सांगू? पान तोंडात टाकायला लागतो तेवढ्या वेळात.

मी म्हणालो, "न्हाई गं, ही बिघडलेली हाये. पट्ट्या जड, आवाज सारखा न्हाई. बोटं दुखतील तुजी. ती दुसरी घ्या."

दुकानातली मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. मी तिच्याकडं बघितलं नाही. दाजींनी मान डोलवली. सायलीनं त्या काळ्याच्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि उठली. मामा म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता.

दोन वर्षं पोरगी त्या आखुडावर घासली. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी गोठ्यातलं आवरलं की परत. मी गेलो की मला जागा करून द्यायची. मी ढोलकी लावून वाजवायचो, शेजारीपाजारी जमायचे. सांगायला लाज वाटते, पण मजा यायची.

मग ती पुण्याला निवडीला गेली. तिथं मोठा, खरा पियानो होता. हळू वाजव म्हणाले, तर सूर उमटेनात. जोरात म्हणाले, तर बोटं दमली. अर्ध्यातच थांबवलं. परीक्षक म्हणाले, बोटांत दमच नाही.

मी त्या दिवशी निमगावातच होतो. काय झालं ते सगळं पोरीनं सांगितलं, आणि मग माझ्याकडं वळून विचारलं — सरळ, काही मनात न ठेवता — "मामा, आपल्या पियानोमुळं तर न्हाई ना झालं?"

आता बोल ना, मर्दा! तिनंच दार उघडून दिलं होतं. आत जायचं फक्त.

मी म्हणालो, "त्याला काय धाड भरलीय? नाचता येईना अंगण वाकडं."

दाजी हसले. सुमनही हसली, सवयीनं. सायली हसली नाही. तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि पदवीचा फॉर्म भरायला घेतला. मी मात्र हादरलो होतो. वाक्य तोंडातून बाहेर पडलं होतं आणि माझाच माझ्या कानांवर विश्वास बसत नव्हता. इतकं सोपं असतं हे? पुढं त्या आखुडावर गणपतीत गाणी वाजली, मग तो माळ्यावर गेला. सायलीनं पुन्हा हात लावला नाही. तिचं लग्न झालं. आता मंचरला असते, एका पतपेढीत कामाला.

एवढ्यावर ते पुरलं गेलं, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिची मुलगी ओवी, सहा वर्षांची. पियानोच्या क्लासला लागलीय. "मामा, तिला घरी सरावाला घ्यायचाय, स्वस्तातला. तुमीच चला निवडायला. तुमच्याशिवाय कोणाला कळतंय?"

गेलो. नाही म्हणायला तोंड होतं का? दुसरं दुकान, पण तसाच एक काळा, साधा, लांब. ओवी जाऊन त्याला चिकटली, एक बोट दाबलं. आणि सायलीनं पोरीचा हात धरून बाजूला केला. म्हणाली, "ती नको गं. पट्ट्या जड हायेत, आवाज सारखा येत न्हाई. बिघडलेली असती असली. बोटं दुखतील तुजी. ह्या आजोबांनी शिकवलंय मला."

माझे शब्द होते. थोडे मागंपुढं झालेले, पण माझेच. चौदा वर्षं तिनं ते सांभाळून ठेवले होते, मामानं दिलेलं शहाणपण म्हणून, आणि आता पोरीला देत होती. मी पुढं झालो आणि त्या काळ्यावर हात ठेवला.

"हीच घे," मी म्हणालो.

"अवो पण मामा, तुमीच तर —"

आणि मी काय सांगितलं असेल? खरं? अहो, नाही हो. म्हणालो, "तवाच्या येगळ्या व्हत्या. आता सुधारल्यात कंपन्यांनी."

तिनं लगेच मानलं. काळा पियानो मंचरला गेला.

परवा तिचा परत फोन. आवाज असा, की मी ओळखलाच नाही, सोळा वर्षांची पोर बोलतेय असं वाटलं. "मामा, ओवी शाळेत गेली की मी बसते हो त्यावर. पंधरा दिवस झाले. आज ते निवडीचं वाजवलं, शेवटपर्यंत! हळू म्हटलं की हळू येतं. माझी बोटं चालतात की वो मामा!" मग एकटीच हसली. "इतकी वर्षं भाकऱ्या थापून दम आला असंल बोटांत. तवा नव्हता. न्हाई का?"

ती थांबली होती माझ्या उत्तरासाठी. ओवीच्या शाळेची रिक्षा आल्याचा हॉर्न मला फोनमध्ये ऐकू आला.

मी म्हणालो, "असंल."

तिच्या बोटांत तेव्हाही दम होता. मी त्या दुकानात माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.