तीनदा नाकारलेली विनंती

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगांच्या प्रमाणांची ऑनलाइन फाइल माझ्या ताब्यात असते. एका सकाळी खालून रंगखात्याच्या मास्तरांचा फोन आला, "भाऊ, फाइल उघडत नाही. परवानगी मागा म्हणते."

"मग मागा ना, काका. तिथेच बटण आहे."

"दाबलं."

त्यांची विनंती काही आली नाही. कुणा अनोळखी मुलीच्या नावाने मात्र तीनदा आली. बाहेरचं कुणी असेल म्हणून मी तिन्ही वेळा नाकारली. मास्तरांचा पुन्हा फोन आला, तेव्हा माझा पारा चढला. "एक बटण दाबता येत नाही तुम्हाला?" मी सगळ्या ऑफिसासमोर ओरडलो.

तणतणत खाली गेलो. त्यांच्या फोनवर त्याच मुलीचं नाव होतं.

"लेकीने चालू करून दिला फोन, तिच्याच ईमेलवर," ते म्हणाले.

हे मला सुचायला हवं होतं. डिंडोलीत आमच्या घरी आईचा फोनही माझ्याच ईमेलवर चालतो.

मी गुपचूप परवानगी दिली. फाइल उघडली.

"माझंच बोट चुकत असेल, भाऊ," ते ओशाळून म्हणाले.

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी नीट दाबा."